फुकटचं एसएसएल तीन महिन्यांनी का बंद पडतं? वसमतच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न वसमतहून आलाय. तिथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची साइट आहे. हळकुंडं आणि हळद पावडर थेट गिऱ्हाइकाला विकतात. सर्व्हर भाड्याचा, त्यावर उबंटू ही लिनक्स प्रणाली आणि साइट दाखवणारा एनजिनएक्स हा प्रोग्रॅम. साइट उघडली की क्रोम वर ‘नॉट सिक्युअर’ दाखवतो, आणि नाव-पत्ता भरायला आलेलं गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरतं. एकानं एसएसएलसाठी, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातली जोडणी कुलूपबंद व्हायला लागणाऱ्या सर्टिफिकेटसाठी, वर्षाला काही हजार सांगितले. मागच्या वर्षी मित्रानं फुकटचं बसवून दिलं होतं, ते तीन महिन्यांत बंद पडलं. तर विचारणा अशी, की फुकटचं कमी दर्जाचं असतं का, आणि नसेल तर ते नीट कसं बसवायचं.

मी लातूरला सर्व्हर सांभाळायचं काम बरीच वर्षं करतोय. शाळा, शिकवणी वर्ग, दूध संकलन केंद्रं, आडतीचे हिशोब, सगळ्या तऱ्हेच्या साइट हाताखालून गेल्यात. माझं उत्तर सरळ आहे: फुकटचंच घ्या. तुमच्या मित्राच्या सर्टिफिकेटमध्ये खोट नव्हती, ते अर्धवट बसवलं होतं. सर्टिफिकेट काढणं हे पाच मिनिटांचं काम. ते दर खेपेला आपोआप नवं होऊन चालू सर्व्हरपर्यंत पोचतंय का, हे पक्कं करणं म्हणजे खरं काम, आणि तेच बहुतेक जण सोडून देतात.

आधी दर्जाचं बोलू. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जे कूटलेखन होतं, ते त्या दोघांच्या आपसात ठरतं. सर्टिफिकेटला पैसे दिले म्हणून कुलूप मोठं होत नाही. महागडं सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या तुमच्या संस्थेची कागदपत्रं तपासतात, एवढाच फरक. पूर्वी अशा साइटचं नाव पत्त्याच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत दिसायचं. क्रोम आणि फायरफॉक्सनं २०१९ मध्ये ते काढून टाकलं. म्हणजे आज गिऱ्हाइकाला पट्टीत दोन्हींत काहीच वेगळं दिसत नाही.

फुकट सर्टिफिकेट देणारी मुख्य संस्था म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट. अमेरिकेतली इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था ती चालवते, खर्च देणग्या आणि प्रायोजकांवर. पहिलं सर्टिफिकेट सप्टेंबर २०१५ मध्ये निघालं आणि त्याच डिसेंबरात सगळ्यांसाठी खुलं झालं. ही संस्था एकच गोष्ट तपासते: हे डोमेन खरंच तुमच्या ताब्यात आहे का. हळद चोख आहे की भेसळीची, याची हमी ते सर्टिफिकेट देत नाही, आणि महागडंही देत नाही. दुकानावर पाटी ज्याची, दुकान त्याचंच, आणि गिऱ्हाइकानं दिलेली चिठ्ठी वाटेत कुणी उघडली नाही, एवढंच ते सांगतं. तुम्हाला नेमकं तेवढंच हवंय.

मुदत मात्र ९० दिवसांची. लोकांना हा तोटा वाटतो. मुदत मुद्दाम कमी ठेवलीय: एखाद्यानं खासगी किल्ली चोरली तर ती फार दिवस कामाला येऊ नये, आणि माणसानं हातानं नवं करत बसण्याऐवजी यंत्राला ते काम लावावं. शिवाय वर्षभराचे पैसे भरा आणि विसरून जा, हे दिवस विकतच्या सर्टिफिकेटलाही राहणार नाहीत. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं, की जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्टनंही २०२८ पर्यंत ४५ दिवसांवर यायचं जाहीर केलंय. म्हणजे आपोआप नवं होण्याची सोय सगळ्यांनाच करावी लागणार. तुम्ही ती आताच करा.

आता मित्राच्या सर्टिफिकेटचं काय झालं असेल ते पाहू. सर्व्हर तोच असेल तर पुरावा अजून तिथंच पडलेला असेल. ईटीसीच्या आत लेट्सएनक्रिप्ट नावाचं फोल्डर आहे, त्यात रिन्यूअल नावाचं, आणि त्यात तुमच्या डोमेनच्या नावाची डॉट कॉन्फ फाइल. ती उघडून ‘ऑथेंटिकेटर’ ही ओळ वाचा. तिथं ‘स्टँडअलोन’ असेल तर त्यानं एनजिनएक्स बंद करून सर्टिफिकेट काढलं आणि मग एनजिनएक्स परत चालू केलं. त्या दिवशी काम झालं. पण पुढं नवं करायच्या वेळी ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या दारावर, एनजिनएक्स आधीच बसलेलं, सर्टिफिकेट मागणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅमला जागाच मिळत नाही, म्हणून ते दर वेळी अपयशी होतं. ‘मॅन्युअल’ असेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडं जातं हे सांगणाऱ्या नोंदींत, हातानं नोंद टाकली होती, आणि ती दर खेपेला नवी टाकावी लागते. आपोआप होणारच नव्हतं. माझ्याकडं ‘तीन महिन्यांनी बंद पडलं’ म्हणून येणाऱ्या साइटमध्ये या दोन शब्दांपैकी एक बहुतेक वेळा सापडतोच.

नव्यानं बसवण्याआधी वाट मोकळी आहे का ते बघा. डीएनएसच्या पानावर डोमेनची ए नोंद तुमच्या सर्व्हरच्या आयपीवर, म्हणजे आकड्यांतल्या पत्त्यावर, हवी, आणि ट्रिपल डब्ल्यूवाल्या नावाचीही. त्याच पानावर क्वाड-ए नोंद आहे का तेही पाहा. ती आयपीव्ही-६ ची, म्हणजे नव्या, लांब पद्धतीच्या आयपीची असते. होस्टिंग बदलताना लोक ए नोंद बदलतात आणि ही जुन्या सर्व्हरवर तशीच राहते. आपल्याला साइट व्यवस्थित दिसते, पण लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही-६ ची नोंद दिसली की आधी तिकडंच जातं आणि तिथं भलताच सर्व्हर उत्तर देतो. वापरत नसाल तर ती नोंद काढून टाका.

नको ती जोडणी अडवणाऱ्या फायरवॉल दोन असतात, हे विसरू नका. एक सर्व्हरच्या आत, उबंटूवर यूएफडब्ल्यू नावाची. दुसरी सर्व्हर भाड्यानं देणाऱ्याच्या पॅनलमध्ये. ८० आणि एचटीटीपीएसचा ४४३ हे दोन्ही पोर्ट दोन्हीकडं उघडे हवेत. आणि एसएसएल बसलं म्हणून ८० बंद करू नका. डोमेन तुमच्या ताब्यात आहे का, ही लेट्स एन्क्रिप्टची तपासणी तिथूनच होते. तो बंद केला तर आज काही बिघडत नाही, दोन महिन्यांनी नवं होताना बिघडतं. काही जण सुरक्षेसाठी भारताबाहेरचे सगळे आयपी बंद करून टाकतात. तसं केलं असेल तर ८० पुरतं तरी ते उठवा, कारण २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासतं. त्यामुळं भारताबाहेरून साइट उघडली नाही तर नकार ठरलेला.

लेट्स एन्क्रिप्ट साइटवरच्या एका ठरलेल्या फोल्डरातली फाइल उघडून ही तपासणी करतं. ती डोळ्यानं बघता येते, म्हणून मी आधी स्वतः करून पाहतो. तुमच्या साइटच्या मूळ फोल्डरमध्ये डॉट वेल-नोन नावाचं फोल्डर करा, त्यात ॲक्मे-चॅलेंज नावाचं, आणि त्यात एक साधी फाइल, आत फक्त ‘हळद’ एवढा शब्द. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एचटीटीपीनं त्या फाइलचा पूर्ण पत्ता टाका. पडद्यावर ‘हळद’ दिसलं, किंवा ती फाइल डाउनलोड झाली, तर वाट मोकळी. ४०३ आलं तर एनजिनएक्सच्या फाइलमध्ये टिंबानं सुरू होणाऱ्या फोल्डरांवर बंदी घातलेली ओळ शोधा. ती ओळ चांगल्या हेतूनं टाकलेली असते, पण हे फोल्डरही टिंबानंच सुरू होतं, त्यामुळं तेही अडतं. त्या बंदीच्या वर या एका फोल्डरला मोकळीक देणारा नियम लिहा. काहीच उघडलं नाही तर परत फायरवॉलकडं जा. हा ‘हळद’ दिसेपर्यंत पुढं जाऊ नका.

सर्टबॉट हे सर्टिफिकेट मागायचं आणि बसवायचं अवजार. उबंटूवर ते स्नॅप या सॉफ्टवेअर बसवायच्या सोयीनं घ्या. एपीटी या दुसऱ्या सोयीनं बसवलेलं जुनं असेल तर आधी काढा. दोन्ही ठेवले तर दोघांचे टायमर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप नवं करायची वेळापत्रकं, वेगळे चालतात आणि कोण काय करतंय याचा पत्ता लागत नाही. स्नॅपनं बसवताना शेवटी दोन डॅश क्लासिक लिहावं लागतं.

मग एनजिनएक्सच्या फाइलमधली सर्व्हर-नेमची ओळ बघा. नव्या सर्व्हरवर तिथं नुसती अधोरेषा असते. सर्टबॉट त्या ओळीवरूनच तुमची साइट ओळखतं, तेव्हा तिथं दोन्ही नावं लिहा, बिनट्रिपल डब्ल्यूचं आणि ट्रिपल डब्ल्यूवालं. एनजिनएक्स डॅश टी चालवून फाइल बरोबर असल्याची खात्री करा.

पहिल्यांदा रंगीत तालीम करा. कमांड फोनवर सांगतो तशी सांगतोय, टाइप करताना इंग्रजीत टाका: सुडो सर्टबॉट सर्टओन्ली, मग दोन डॅश एनजिनएक्स, मग दोन डॅश ड्राय-रन, मग एक डॅश डी आणि पहिलं नाव, परत डॅश डी आणि दुसरं नाव. यात लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरवर सगळी तपासणी होते, खरं सर्टिफिकेट निघत नाही. हे करायचं कारण मर्यादा. खऱ्या सर्व्हरवर एका नावासाठी तासाभरात पाच वेळा अपयश आलं की थांबावं लागतं, आणि त्याच नावांच्या संचाची आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं मिळतात. घाबरून परत परत तीच कमांड मारणारा माणूस दुपारी अडकतो तो दीड दिवसापर्यंत अडकून राहू शकतो.

तालीम पार पडली की खरी कमांड: सुडो सर्टबॉट, दोन डॅश एनजिनएक्स, आणि तीच दोन नावं. ते ईमेल विचारेल, अटी मान्य करायला सांगेल, सर्टिफिकेट काढेल, एनजिनएक्सच्या फाइलमध्ये ओळी घालेल, आणि एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसकडं वळवेल. साइट उघडून बघा. पण अजून काम संपलेलं नाही.

मधेच फाइलींचं सांगतो, कारण कुणी हातानं बसवायला गेलं की इथं चुकतं. त्याच लेट्सएनक्रिप्ट फोल्डरातल्या लाइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये चार फाइली असतात. एनजिनएक्सला ‘फुलचेन’ द्यायची, ‘सर्ट’ नाही. नुसती सर्ट दिली तर तुमच्या लॅपटॉपवर क्रोम खुशाल उघडतो, कारण मधली कडी तो स्वतः जुळवून घेतो. पण एखाद्याच्या अँड्रॉइड ॲपमध्ये किंवा पेमेंट गेटवेकडून सर्व्हरला येणाऱ्या निरोपात जोडणी तुटते. पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हीच फाइल बघतो.

आता नवं होण्याची गोष्ट. इथं मला माझी एक चूक सांगायचीच आहे.

लातूरच्या एका शिकवणी वर्गाची साइट माझ्याकडं होती. सर्टिफिकेट मी वेबरूट पद्धतीनं काढलं होतं: सर्टबॉट फक्त सर्टिफिकेट आणतं, एनजिनएक्सला हात लावत नाही. एनजिनएक्सची फाइल मी स्वतः लिहिली. टायमर चालू होता, तालीम पार पडली होती, मी निर्धास्त. जूनमध्ये प्रवेशाच्या ऐन दिवसांत, रविवारी सकाळी सातला फोन. साइटवर लाल पान, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’. पालक फॉर्म भरायला बसलेले. मी सर्व्हरवर गेलो, सर्टबॉट सर्टिफिकेट्स चालवलं, तर ते म्हणतंय अजून ५९ दिवस शिल्लक. डोमेन तपासलं, फायरवॉल तपासली, दुसऱ्याच्या मोबाइलवर बघायला सांगितलं. पाऊण तास गेला. मग डोक्यात आलं, की हा आकडा डिस्कवरच्या फाइलचा आहे. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटनं चालू साइटला विचारलं, तर तिनं आदल्या रात्री संपलेली तारीख दाखवली. सर्टिफिकेट महिनाभरापूर्वीच नवं झालं होतं. एनजिनएक्स मात्र सुरू होताना वाचलेलं जुनंच धरून बसलं होतं, त्याला कुणी रीलोड व्हायला सांगितलंच नव्हतं. सिस्टिमसीटीएल रीलोड एनजिनएक्स, आणि दोन सेकंदांत साइट उभी. त्या पाऊण तासात किती पालक माघारी गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून कुठल्याही सर्व्हरवर मी दोन गोष्टी केल्याशिवाय उठत नाही. पहिली: लेट्सएनक्रिप्टच्याच रिन्यूअल-हुक्स फोल्डरच्या आत डिप्लॉय नावाचं फोल्डर आहे, त्यात एक छोटी स्क्रिप्ट. तिच्यात आधी एनजिनएक्स डॅश टी, ते बरोबर असेल तरच रीलोड. फाइलला चालवण्याची परवानगी द्या, नाहीतर ती नुसती पडून राहते. दोन डॅश एनजिनएक्सनं बसवलं असेल तर सर्टबॉट रीलोड स्वतः करतं, तरीही ही स्क्रिप्ट ठेवा. उद्या पद्धत बदलली किंवा त्याच सर्टिफिकेटवर मेल सर्व्हर जोडला तर तीच उपयोगी पडते. मग सर्टबॉट रिन्यू दोन डॅश ड्राय-रन चालवा, आणि सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्समध्ये सर्टबॉटचा पुढचा वेळ दिसतोय का बघा. तो दिवसातून दोनदा चालतो आणि मुदतीचा शेवटचा तिसरा हिस्सा उरला की नवं मागतो. रोज चालला म्हणजे रोज सर्टिफिकेट काढतो, असा गैरसमज नको.

दुसरी गोष्ट पहारा. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्ट ईमेल पाठवायचं. ते जून २०२५ मध्ये बंद झालं. आता ती जबाबदारी आपली. दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, निदान ऑफिसच्या लिनक्स संगणकावर, रोज सकाळी एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड, लावा: ओपनएसएसएलनं तुमच्या चालू साइटचं सर्टिफिकेट ओढायचं आणि चेकएंडला १२०९६०० हा आकडा द्यायचा. हे १४ दिवसांचे सेकंद. त्याहून कमी मुदत उरली असेल तर स्वतःला मेसेज. डिस्कवरची फाइल तपासू नका, गिऱ्हाईक जिथून येतं तिथून तपासा. रविवारी मी जे पाऊण तासानं पाहिलं, ते हा क्रॉन दोन आठवडे आधी सांगतो.

आपल्याकडची आणखी एक अडचण घड्याळाची. लाइट जाते-येते, जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, आणि चालू केल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागं जाते. मग ब्राउझरला तुमचं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच न झालेलं’ दिसतं. एखाद्या गावातलंच गिऱ्हाईक तक्रार करत असेल आणि बाकी सगळ्यांना साइट ठीक दिसत असेल, तर त्याला आधी संगणकावरची तारीख वाचून दाखवायला सांगा. सर्व्हर ऑफिसातच ठेवलेला असेल तर त्यावर एनटीपी, म्हणजे घड्याळ इंटरनेटवरून जुळवणारी सोय, चालू ठेवा.

ऑफिसातल्या सर्व्हरवरून आठवलं: पुष्कळ ब्रॉडबँडवाले स्वतःचा सार्वजनिक आयपी देत नाहीत, एकाच आयपीमागं अनेक गिऱ्हाइकं बसवतात. तिथं ८० पोर्ट बाहेरून पोचतच नाही. त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद टाकून सिद्ध करायची पद्धत आहे, पण तुमचा डीएनएसवाला एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमला नोंद बदलता यायची सोय, देत असेल आणि सर्टबॉटचा त्याच्यासाठीचा प्लगइन असेल तरच ती घ्या. हातानं केली तर मित्राचीच गत होईल. सगळ्या उपनावांसाठी एकच तारांकित सर्टिफिकेट हवं असेल तरी पद्धत हीच. तुम्हाला दोन नावांसाठी त्याची गरज नाही.

मराठी नावाचं डॉट भारत डोमेन घ्यायचा विचार असेल तर खुशाल घ्या, मला त्याचा आनंदच होईल. लेट्स एन्क्रिप्ट २०१६ पासून अशी नावं घेतं. एनजिनएक्स आणि सर्टबॉट दोन्हींत नाव मात्र एक्सएन डॅश डॅशनं सुरू होणाऱ्या रूपात लिहायचं. ते रूप डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये दिसतं.

शेवटचे दोन इशारे. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटमधलं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि कुणालाही शोधता येतं. म्हणून ‘हिशोब’ किंवा ‘टेस्ट’ अशा उपनावाला सर्टिफिकेट काढलं तर ते लपलेलं आहे असं समजू नका, त्याला चांगला पासवर्ड लावा. आणि एचएसटीएस, म्हणजे ‘ही साइट एचटीटीपीएसनंच उघडा’ असा ब्राउझरला दिलेला हुकूम, लगेच चालू करू नका. ते लावलं की ब्राउझर त्या मुदतीत एचटीटीपीनं उघडायला नकार देतो आणि चुकीच्या सर्टिफिकेटवर ‘तरीही पुढं जा’ हा पर्यायही देत नाही. आधी एकदा आपोआप नवं झालेलं स्वतः पाहा, मग थोड्या मुदतीनं सुरू करा.

कुलूप बसूनही क्रोम कुरकुरत असेल तर पानावरची चित्रं एचटीटीपीनं येतायत का बघा, हळदीचे जुने फोटो हमखास तसे जोडलेले असतात. एवढं करून तालीम अडली तर व्हारच्या आत लॉग, त्यात लेट्सएनक्रिप्ट, तिथल्या फाइलीच्या शेवटच्या तीस ओळी आणि रिन्यूअलची ती कॉन्फ फाइल मला पाठवा. प्रिव्ह-की नावाची फाइल, म्हणजे तीच खासगी किल्ली, मात्र कुणालाच पाठवू नका, मलासुद्धा नाही.